ताडपत्रीखाली कोणता झुला असंन

आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, सुदामभाऊ आडे यांचा फोटो स्टुडिओ आहे. तो स्टुडिओ पुसदला उघडल्यापासून त्याच्या शटरवर आमच्या घरातलं घड्याळ चालायचं. खडखडत एका दमात वर जायचं ते, आणि शेवटी ठण्णकन आपटायचं. ते आपटलं की आमचे हे आंघोळीला उठायचे. त्या सकाळी मी पोळ्या लाटत होते. शटरचा आवाज सुरू झाला... आणि अर्ध्यावर थांबला. मी लाटणं हातात धरून तशीच उभी राहिले. पुढचा आवाज येईल, आता येईल, म्हणून कान तिकडे लावून. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी मी हलले नाही. खोटं वाटेल तुम्हाला, पण मला तेव्हाच कळलं होतं. मग रस्त्यापलीकडून शेवंताची, त्यांच्या बायकोची, हाक आली आणि सगळी गल्ली धावली. मी सगळ्यात शेवटी गेले. शटर कमरेइतकंच वर होतं, वाकून आत जावं लागत होतं, आणि मला ते वाकणं जमत नव्हतं.

डॉक्टरांनी सुदामभाऊंना वजन उचलायला, जोर लावायला बंदी केली होती. घर स्टुडिओच्या मागेच, त्यामुळे शटर आतूनच उचलायचं, आणि गेल्या उन्हाळ्यापासून ते शेवंताच उचलायची. त्या दिवशी ती आत चहा टाकत होती आणि या माणसाला तेवढा धीर निघाला नाही. बस, इतकंच झालं. सुदामभाऊ गेले.

आता सुदामभाऊ कोण, हे सांगायला हवं. लग्नाचे, साखरपुड्याचे, पासपोर्टचे फोटो काढणारे फोटोग्राफर, हे झालं पोटापाण्याचं. पण त्यांचा जीव अडकला होता झुल्यांमध्ये. आकाशझुला, ब्रेक डान्स, ड्रॅगन, आणि मोठ्या शहरांतल्या पार्कांमधले ते लोखंडी रुळांवरून आडवेतिडवे पळणारे रोलर कोस्टर. कोणत्या पार्कात पुढच्या वर्षी नवं काय येणार, किती उंच असणार, उलटं करणार की नुसतंच आपटणार, याच्यावर हा पन्नाशीचा बाप्या तासन्‌तास बोलायचा. आणि मी? मी भित्री. हे एकदा सांगून टाकते म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मला लिफ्टची भीती वाटते, विहिरीच्या काठाची वाटते, घाटातून एस.टी. वळण घेते तेव्हा मी डोळे मिटून समोरच्या सीटचा दांडा धरते. शाळेत भूगोल शिकवते मी, पोरांना दऱ्याखोऱ्या समजावून सांगते, आणि स्वतः गच्चीच्या कठड्याजवळ जात नाही. अशा बाईचा आणि अशा माणसाचा घरोबा व्हायला काही कारण नव्हतं. तो झाला एका जत्रेत, आणि तोही भीतीनंच.

आमची मुग्धा तेव्हा पहिलीत होती. महागावच्या बाजूला एका गावची जत्रा होती. आकाशझुल्यात बसायचं म्हणून पोरीनं भोकाड पसरलं, तेव्हा हे तिला घेऊन गेले आणि मी खाली उभी राहिले, त्यांच्या चपला, ह्यांचा चष्मा आणि शेंगदाण्याचा पुडा सांभाळत. दोनेक फेऱ्या झाल्या असतील, एकदम वारा सुटला. धुळीनं तंबूच्या कनाती फडफडायला लागल्या. जनरेटर गुरगुरला आणि बंद पडला. झुला थांबला, आणि माझ्या माणसांचा डबा नेमका सगळ्यात वर. वारा त्या डब्याला हलवत होता आणि लोखंड कुरकुरत होतं, ते खाली ऐकू येत होतं. मुग्धा रडत होती. मी खालून "बाळा, घट्ट धर" म्हणत होते, पण ते वाऱ्यात वर पोचत नव्हतं. मग अचानक तिचं रडणं थांबलं. देवा, रडणं ऐकू येत होतं तोवर निदान पोर आहे हे कळत तरी होतं. मी तिथंच मातीत बसले.

वर काय झालं ते मला नंतर समजलं. त्या डब्यात तिसरा एक अनोळखी माणूस होता. त्यानं डोक्याचा पांढरा दुपट्टा सोडला, मुग्धाला दांड्याशी बसवून कमरेभोवती बांधली, आणि म्हणाला, "बेटा, रडू नको. तिकडं पाह्य, मैदानाच्या मागं ट्रक उभा हाय. त्याच्यावर ताडपत्री हाय. सांग बरं, थ्या ताडपत्रीखाली कोणता झुला असंन?" पोरगी हुंदके देत म्हणाली, हत्ती. "हत्ती कसा असंन? हत्ती गोल रायते. हे तं लांब हाय." मग रेल. "रेल असती तं डबे वेगवेगळे दिसले असते." दोघांचा वाद जुंपला. खालच्या माणसांनी दोर लावून, हातांनी ओढत ओढत झुला उतरवला तेव्हाही तो वाद चालूच होता. हे उतरले ते पांढरेफटक पडलेले, सरळ तंबूच्या मागे जाऊन ओकले. मी मुग्धाची गाठ सोडायला गेले तर ती सुटेना. त्या माणसानं एक टोक नुसतं ओढलं आणि दुपट्टा मोकळा झाला. "माह्या आज्याची गाठ हाय, बाई," तो म्हणाला. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादून गावोगाव हिंडायचे. डोंगर चढताना गोणी सरकायला नको आणि मुक्कामाला पोचल्यावर सोडायला वेळ जायला नको, अशी ती गाठ. आता तांड्यावर शेती होती, बैल गेले, गोण्या गेल्या, गाठ तेवढी उरली होती.

पुढे काही महिन्यांनी आमच्या समोरच्या गाळ्यात स्टुडिओचा बोर्ड लागला. मुग्धानं खिडकीतून पाहिलं आणि ओरडली, "ताडपत्रीवाले काका." झालं. मॅडम, मॅडम करत हा माणूस आमच्या घरातला होऊन गेला, आणि त्याच्यासोबत तो खेळही घरात आला. कुठल्याही जत्रेआधी ट्रक येऊन मैदानावर उभे राहायचे, तेव्हा सुदामभाऊ, हे आणि मुग्धा फिरायला म्हणून तिकडे जायचे. ताडपत्रीच्या बाहेर आलेला एखादा लोखंडी हात, खुर्च्यांचा रंग, जमिनीत खणलेले खड्डे, यावरून यंदा काय येणार ते ओळखायचं. गल्लीतले लोक हसायचे. शेजारच्या काकू मला म्हणाल्या होत्या, "तुमच्या घरी लेकरं किती हो, एक का तीन?" मी हसायचे, पण मला मनातून त्या ट्रकांची भीती वाटायची. कारण ओळखून झालं की हे लोक त्यात बसायचे.

मग मोबाइल आले, पार्कांचे व्हिडिओ आले, आणि सुदामभाऊंनी एक ग्रुप काढला. नाव ठेवलं 'पुढचा झुला'. उमरखेडचे एक औषधवाले, नांदेडच्या एक वकीलबाई, आणि असेच इकडचे तिकडचे हौशी. काय वाद घालायचे ते लोक. कोणीतरी पार्काच्या मागच्या भिंतीवरून, पत्र्याच्या फटीतून फोटो काढून टाकायचं, त्यात एखादा वाकडा खांब, आणि त्याच्यावर आठवडाभर कीस. खांब इतका जाड कशाला? म्हणजे वर वजन येणार. म्हणजे रूळ उलटा होणार. नाही, नाही, पाया बघा, पाया लहान आहे. सुदामभाऊ तो फोटो स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर मोठा करायचे आणि मला बोलावून दाखवायचे, "मॅडम, या बोल्टाकडं पाहा." मला बोल्टात काय कळणार? मला एवढंच दिसायचं की तो फार लहान आहे आणि त्याच्यावर माणसं बसणार आहेत.

एकदा तर या मंडळींनी कहर केला. पुसदहून महागावकडे जाताना रस्त्याच्या आत, पत्र्याच्या कुंपणामागे, उंच लोखंडी सांगाडा उभा राहायला लागला. वर तिरपा रूळ, खाली खांबांची रांग. ग्रुपवर आग लागली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कोस्टर. इतकी वर्षं नागपूर आणि हैदराबादच्या वाऱ्या केल्या, आता देवच दारी आला. महिनाभर फोटो, अंदाज, आडाखे. औषधवाल्यांनी तर पहिला उतार किती अंशांचा हेही सांगून टाकलं. शेवटी एका रविवारी सगळे मिळून बघायला गेले, मलाही ओढत नेलं. चौकीदारानं फाटक उघडलं. आत जिनिंगचा कारखाना होता. तो तिरपा रूळ कापूस वर चढवणारा पट्टा होता. चौकीदार पोट धरून हसला, आमचे हे खांबाकडे बघत बसले, आणि सुदामभाऊ मान वर करून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तरी बसता आलं असतं." त्या दिवशी मी इतक्या निर्धास्तपणे हसले, की घरी आल्यावर माझं मलाच आश्चर्य वाटलं. भीती नसलेला तो एकच झुला मी पाहिला.

बाकी सगळीकडे माझी जागा ठरलेली. खाली, रेलिंगपाशी. हातात चपलांची पिशवी, तिघांचे मोबाइल, ह्यांचा चष्मा, आणि खांद्यावर सुदामभाऊंचा पांढरा दुपट्टा. जत्रेतल्या झुल्यात ते मुग्धाला, ह्यांना, शेजारी बसलेल्या अनोळखी पोरांनासुद्धा दुपट्ट्यानं बांधून टाकायचे. पण पार्कात तसं चालत नाही. तिथले लोक सैल कपडा वर नेऊ देत नाहीत. मग ते रांगेतून परत यायचे आणि दुपट्टा माझ्या खांद्यावर टाकून जायचे. मी तो मुठीत आवळून धरायचे. गाडी साखळीवरून कटकट करत वर चढायची, टोकाला क्षणभर थांबल्यासारखी व्हायची, आणि कोसळायची. त्या वेळी सगळ्या किंकाळ्यांच्या वर एक आवाज ऐकू यायचा, "याडी ये...!" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. खाली उभे असलेले लोक हसायचे, काय जोश आहे म्हणायचे. मीही तेच समजत होते. मी दुपट्टा दातात धरून उभी असायचे.

गेल्या उन्हाळ्यात डोकेदुखी सुरू झाली. आधी ऊन लागलं म्हणाले. मग एका लग्नात फोटो काढता काढता उजवा डोळा अंधारला. नागपूरला नेलं, मशीनमध्ये घातलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की डोक्यातली एक नस फुगली आहे. कधी फुटेल, फुटेलच का, सांगता येत नाही. ऑपरेशन करता येईल, पण त्यातही धोका आहे, विचार करून ठरवा. तोवर धक्का नको, जोर नको, उंचावर जाणं नको. परत आल्यावर त्यांनी ग्रुपवर काही कळवलं नाही. आम्हाला दोघांना आणि शेवंताला तेवढं ठाऊक. त्या दिवसापासून माझे कान त्या शटरला चिकटले. वर जाऊन आपटलं की मी श्वास सोडायचे. कधी शेवंताला उशीर झाला, तर माझ्या हातून काहीतरी सांडायचं. हे मला चिडवायचे, "तू त्याची बायको आहेस का?" पण तेही पेपर उघडून तेच पान बघत बसायचे, हे मला दिसत होतं.

त्याच दिवसांत नांदेडच्या वकीलबाईंनी ग्रुपवर एक फोटो टाकला. तेलंगणातल्या एका पार्काच्या मागे, लांब ट्रेलरवर, ताडपत्रीखालून बाहेर आलेला निळा रूळ. ग्रुप पुन्हा पेटला. सुदामभाऊ तर आजारीच नसल्यासारखे झाले. तो फोटो त्यांनी कागदावर छापून स्टुडिओच्या भिंतीवर लावला. एका दुपारी मी गेले तर त्याच्यापुढे स्टूल घेऊन बसले होते.

"मॅडम, हा आजवर पाह्यलेल्या सगळ्यायपेक्षा मोठा असंन," म्हणाले. "माह्या नशिबात नाई. तुमी बसा माह्या बदल्यात. आन्‌ मले येऊन सांगा."

"मला फासावर चढवा, सुदामभाऊ, पण हे सांगू नका," मी म्हणाले. "तुम्हाला भीती नाही म्हणून दुसऱ्यालाही नसते का?"

ते स्टुलावर माझ्याकडे वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "मले भेव लागत नाई असं कोनं सांगतलं तुमाले? मले तं सगळ्यायपेक्षा जास्त लागते. जायच्या आदल्या दिवशी मले जेवन जात नाई, शेवंताले इचारा. थो त्या दिवशीचा झुला बंद पडला तवा, तुमची पोरगी रडत होती, पण माह्या अंगातबी पानी पानी झालतं. म्हून तं इचारलं ना तिले, ताडपत्रीखाली काय असंन. तिच्यासाठी नाई इचारलं. माह्यासाठी इचारलं." भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाले, "काय येनार हाय हे आधी समजलं, का जरासं हलकं वाटते. किती उंच, कुठी वळन, कुठी उलटं. मंग बसता येते." आणि मग बोट कपाळाला लावून म्हणाले, "आता याच्यात काय हाय थे समजत नाई, मॅडम. डॉक्टरले इचारलं, कवा होईन, कसं होईन. थो म्हणते सांगता येत नाई. फोटोबी दाखवला त्यानं. म्या लई पाह्यला. काईच ओळखू येत नाई..."

इतकी वर्षं मी समजत होते की आमच्या टोळीत भित्री मी एकटी. आम्ही दोघं त्या निळ्या रुळाकडे बघत बसलो. शेवटी मीच म्हणाले, "दोन नळ्यांचा आहे की तीन?" ते हसले. म्हणाले, तीन. आणि मग तासभर मला तीन नळ्यांच्या रुळाचे फायदे समजावून सांगितले. ऑपरेशनचं ठरलं होतं, पावसाळ्यानंतर करायचं. पण त्याआधीच ती सकाळ आली.

तेरवी झाली. पाहुणे गेले. शटर बंद. तेही मला सोसेना. सकाळी कान वाट बघायचे आणि काहीच ऐकू यायचं नाही. मग ग्रुपवर कळलं की तो निळा कोस्टर सुरू झाला. औषधवाल्यांनी ठरवलं की सगळ्यांनी जायचं, पहिल्या गाडीतली एक जागा सुदामभाऊंच्या नावानं रिकामी ठेवायची. हे मला म्हणाले, तू चल, खाली उभी राहा, नेहमीसारखी. मी शेवंताला विचारायला गेले, दुपट्टा देशील का म्हणून. ती पेटीतून दुपट्टा काढत म्हणाली, "ताई, मले बसाचं हाय त्याच्यात."

मला वाटलं दुःखानं बोलते आहे. हिनं आयुष्यात जत्रेतला घोडाझुलासुद्धा पाहिला नव्हता. मी म्हणाले, अगं, आत्ता कुठे तेरवी झाली, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "लोक म्हणतीन. त्यायनं मले कदी नेलं नाई. म्हणे, तू संगं असली तं मले दुप्पट भेव लागते. मले पाहाचं हाय, कायले एवढं भेत होते आन्‌ कायले जात होते." मी तिला परोपरीनं समजावलं. ती दुपट्ट्याच्या घड्या घालत राहिली.

पार्कात पोचलो. तो निळा रूळ दुरूनच दिसत होता, झाडांच्या वर, आभाळात. रांगेच्या तोंडाशी एक मुलगी उभी होती, ती म्हणाली, दुपट्टा वर नेता येणार नाही. शेवंतानं तो माझ्याकडे दिला. नेहमीसारखा. मी घेतला. हे, औषधवाले, वकीलबाई पुढे गेले. शेवंता एकटी रांगेत, पांढऱ्या पदराचं टोक कमरेला खोचून, इकडे तिकडे बघत. तिचा चेहरा मी पाहिला. तिचे ओठ हलत होते. खाली उभं राहून, वर तो चेहरा जाताना बघायचा, अर्ध्यावर आवाज थांबतो का ते ऐकत... हे माझ्याच्यानं पुन्हा होणार नव्हतं. बसण्याची भीती वाटत होतीच. पण खाली उभं राहण्याची भीती तिच्याहून मोठी निघाली. मी हाक मारली, "शेवंता, थांब." आता चपला, मोबाइल, चष्मा सांभाळायला खाली कोणीच नव्हतं. त्या वस्तू त्या मुलीनं एका पेटीत ठेवून घेतल्या. दुपट्टा मात्र शेवंतानं माझ्या हातून घेतला आणि मी इतकी वर्षं जिथे उभी राहायचे तशा जागी, रेलिंगला बांधला. बघता बघता ती गाठ पडली. मी म्हणाले, तुलाही येते? ती म्हणाली, "मीबी तांड्यावरचीच हाय ना."

रिकामी जागा आमच्या पुढे होती. छातीवर तो जाड दांडा उतरला आणि खट्टकन बसला. मी तो ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला, त्या मुलीला विचारलं, नीट लागला ना? ती हो म्हणाली. मी पुन्हा विचारलं. गाडी हलली. साखळीची ती कटकट, जी मी खालून ऐकत आले होते, ती आता माझ्या पाठीखाली होती. जमीन सुटली. माणसं लहान झाली. मला रडू फुटलं, खरं सांगते, आवाज करून. मला शिकायला दूर गेलेली मुग्धा आठवली, घर आठवलं, गॅस बंद केला होता की नाही ते आठवलं. शेवंताची नखं माझ्या मनगटात रुतली होती. ती काहीतरी पुटपुटत होती आणि तिचे डोळे मिटलेले होते. मी खाली पाहिलं, पाहायला नको होतं, तर रेलिंगवर तो पांढरा दुपट्टा वाऱ्यानं हलत होता. आणि पार्काच्या मागच्या अंगाला, पत्र्यांच्या पलीकडे, ट्रक उभे होते. एकावर ताडपत्री होती.

"शेवंता," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "डोळे उघड. तिकडं बघ. त्या ताडपत्रीखाली कोणता झुला असेल?"

तिनं डोळे उघडले. बघितलं. "गोल हाय," म्हणाली, "गोल काईतरी..." आणि टोक आलं. त्यानंतरचं मला सांगता येणार नाही. "याडी ये" एवढं ऐकू आलं, आणि ते आम्ही दोघी मिळून ओरडत होतो. खाली आलो तेव्हा मजा आली का, असं औषधवाल्यांनी विचारलं. अजिबात आली नाही. मी पुन्हा कधी बसणार नाही. माझी भीती एका तसूनंही कमी झालेली नाही, उलट आता ती कशी असते ते आतून ठाऊक झालं आहे. शेवंता मात्र रेलिंगपाशी जाऊन एक टोक ओढून, दुपट्टा खांद्यावर टाकून, पुष्कळ वेळ त्या निळ्या रुळाकडे बघत उभी राहिली. परतीच्या गाडीत बसल्यावर म्हणाली, "गोल होतं. पन झाकन नव्हतं, म्हंजे कपबशीचा झुला असंन." हे म्हणाले, नाही, ब्रेक डान्स असेल. नांदेड येईपर्यंत वाद चालला.

आता शेवंतानं स्टुडिओ पुन्हा उघडला आहे. पासपोर्टचे फोटो ती काढते, बाकीचं शिकते आहे. दुपट्टा आत कॅमेऱ्याच्या स्टँडला बांधून ठेवला आहे, त्याच गाठीनं. शटर तीच उचलते. पण आता तिच्या हातात पहिल्यासारखा जोर राहिला नाही, त्यामुळे अर्ध्यावर आलं की ती थांबते, दम घेते, आणि मग उरलेलं वर ढकलते. तो अर्ध्यावरचा वेळ माझ्यानं निघत नाही. पहिल्या दिवशी तर मी लाटणं टाकून खिडकीशी धावले आणि काय बोलावं ते न सुचून ओरडले, "शेवंता, आज कोणता असेल?" पलीकडून, शटरच्या मागून, आवाज आला, "ड्रॅगन, ताई." आणि शटर वर गेलं, ठण्णकन आपटलं. तेव्हापासून हे रोजचं झालं आहे. मी विचारते, ती काहीतरी सांगते, घोडे, टोपली, होडी, आणि मग शटर वर जातं. गल्लीला आम्हा दोघींना वेड लागल्यासारखं वाटत असेल. वाटो.

आज सकाळी शटर अर्ध्यावर थांबलं. मी विचारलं. उत्तर आलं नाही. मी पुन्हा विचारलं. हे आंघोळीला निघाले होते ते दारातच उभे राहिले. मी गॅस बंद केला, चपला पायात घातल्या, दाराची कडी काढली, आणि पायरी उतरते तोच पलीकडून ती म्हणाली, "थांबा ना ताई, इचार करून राह्यली..."